गॅस
आज भाचीची विज्ञानाची उजळणी घेत होते. स्थायू, द्रव, वायू झालं आणि तिने विचारलं, "मावशी, गॅस हा शब्द इंग्रजांचा का गं?" दुपारभर मग तेच वाचत बसले.

शब्द घडवला ब्रुसेल्सचे रसायनशास्त्रज्ञ यान बाप्टिस्ट फान हेल्मोंट यांनी. ६२ पौंड कोळसा जाळला की जेमतेम १ पौंड राख उरते. मग बाकीचे ६१ पौंड गेले कुठे? दिसत नाही, भांड्यात कोंडता येत नाही, असं काहीतरी बाहेर पडतंय, हे त्यांनी ओळखलं. द्राक्षरस आंबताना निघतं तेही हेच, असं त्यांचं म्हणणं होतं. (तो आपला कार्बन डायऑक्साइड.) त्याला नाव देताना त्यांना ग्रीक 'खाओस' आठवला. प्राचीन ग्रीक कवी हेसिअडच्या काव्यात सगळ्यात आधी असते ती अथांग पोकळी म्हणजे खाओस. त्यांच्या डच भाषेत 'ग' घशातून, जवळजवळ 'ख'सारखा उच्चारतात, म्हणून लिहिताना झाला 'गॅस'.

राखेचं वजन करून न दिसणाऱ्या गोष्टीपर्यंत पोचणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो. १६४४ मध्ये ते गेले. त्यांचं लेखन मुलाने १६४८ मध्ये छापलं. ऑक्सिजनला नाव मिळायला तेव्हा शंभराहून जास्त वर्षं बाकी होती!