रात्रीचे दहा, ओट्यावर ऊन

काल दाराखालून चिठ्ठी आली. खालच्या मजल्यावरच्या बाईंची, एकदम सुबक अक्षरात, की रात्री 10 नंतर कृपया म्युझिक नको. अहो पण स्टॉकहोमला सध्या जूनअखेरीस सूर्य मावळतो 10 वाजून 8 मिनिटांनी! ओट्यावरच्या कुकरवर ऊन पडलंय आणि या म्हणतात रात्र झाली. म्हणजे दिवेलागण होते न होते तोच संध्याकाळचा राग यमन बंद.

ठाण्यात तरी काय मोठं, तुम्ही म्हणाल. 10 ते 6 लाउडस्पीकर बंद हा नियम 2000 सालापासून आहेच, ओपन एअर मैफली दहाच्या ठोक्याला आवरतात आणि मालकंस, दरबारी हे उशिरा रात्रीचे राग त्यांच्या खऱ्या वेळेला ऐकायला मिळणं जवळपास संपलंय, मान्य. पण घरातल्या तंबोऱ्याला कोणी चिठ्ठ्या नाही पाठवत. वरचे काका फार तर बेल वाजवून "जरा दार लोटून घ्या" म्हणतात आणि चहा पिऊन जातात.

माझा प्रॉब्लेम असा की नौपाड्यात संध्याकाळी सातला आईचा क्लास असायचा. देवाजवळ दिवा, आत कुकरची शिट्टी, बाहेर सात-आठ मुलींचं नि रे ग, आणि तीव्र मध्यम हमखास कोणीतरी चुकणार. तीन-तीन तासांचे आठ प्रहर आणि कोणत्या प्रहराला कोणता राग, हे पाठ असलेलं घर. त्यामुळे सकाळी कोणी यमन लावला की मला दात न घासता जेवायला बसल्यासारखं होतं.

डिसेंबरात तर इथे सूर्य पावणेतीनलाच जातो. ऑफिसच्या पँट्रीत डबा धुताना घड्याळ म्हणत होतं दुपारचा भीमपलास, खिडकी म्हणत होती सूर्यास्ताचा मारवा. लावला मारवा. तो षड्जावर, म्हणजे सा वर, टेकतच नाही, कोमल ऋषभावर नुसता लोंबकळत ठेवतो, आणि बाहेर उजेड पण तसाच, गेला म्हणावं तर गेलेला नाही. रडायलाच आलं. ठाण्यात सव्वासात झालेले, आईला फोन केला तर म्हणाली, "अगं मावळला ना सूर्य? मग मारवाच. भातखंड्यांनी काय स्वीडन बघून वेळा लिहिल्या होत्या?"

टीममधला चेन्नईचा मुलगा म्हणतो आमच्याकडे कर्नाटक संगीतात वेळेचं एवढं कोणी पाळत नाही, आणि आमचं काही बिघडलं नाही. त्याच्याशी मी अर्धा तास भांडले. घरी येताना वाटलं, यमन संध्याकाळचा आहे का कुकरचा, हे मला तरी कुठे धड सांगता येतंय.

असो. चिठ्ठी फ्रिजवर लावलीय आणि दहानंतर हेडफोन. आईला तेव्हा फोन करावा तर तिकडे पावणेदोन. पण ती सहाला तंबोरा लावते, इथे अडीच, आणि खिडकी चक्क फटफटलेली असते. आज उठलेच होते, म्हटलं आई, लाव सकाळचा भैरव, माझीपण वेळ झालीय. फोन कानाशी धरून, आवाज अगदी बारीक. खाली बाई झोपलेल्या.