कापण्याआधी धरण्याची सोय

घरच्या गॅरेजमध्ये वर्कशॉप उभारायचे ठरले की बहुतेकांचे मन आधी ड्रिल मशीन, ग्राइंडर आणि गोल करवतीकडे धावते, आणि पैसेही तिथेच संपतात. माझे मत थोडे उलटे आहे. काम घट्ट धरून ठेवणारी साधने आधी घ्यावीत आणि कापणारी यंत्रे नंतर, कारण हातात धरलेल्या तुकड्यावर यंत्र चालवणे म्हणजे दुखापतीला आमंत्रण देणे होय.

त्यामुळे पहिला खर्च भक्कम टेबलावर करावा. सरळ उभे राहून हात सैल सोडले असता मनगट जिथे येते, साधारण तेवढी त्याची उंची ठेवली की रंधा मारताना कंबर वाकत नाही, आणि त्यावर व्हाइस, म्हणजे दोन जबड्यांत काम घट्ट आवळून धरणारा शिकंजा, बसवल्यावर त्याचे जबडे कोपराच्या आसपास येतात. कानस चालवायला नेमकी तीच उंची लागते. व्हाइस स्क्रूने नव्हे, तर फळीतून आरपार जाणाऱ्या नटबोल्टने, शक्यतो टेबलाच्या पायाच्या वरच बसवावा. त्याचा स्थिर जबडा टेबलाच्या कडेच्या किंचित बाहेर असावा, म्हणजे लांब पट्टी उभी धरता येते. जोडीला दोन-चार जी क्लॅम्प (काम टेबलाला आवळून धरणारे G आकाराचे चाप) असले की निम्मी सुरक्षितता तिथेच साधते.

हातोडी, पक्कड, पाने, गुण्या, करवत, पटाशी ही हत्यारे गरजेनुसार जमत जातात. पटाशीला धार मात्र हवीच, कारण बोथट पटाशीवर जोर द्यावा लागतो आणि ती निसटली की त्या सगळ्या जोरानिशी पुढे जाते.

ड्रिलचा खरा धोका भोक आरपार पडण्याच्या क्षणी असतो. त्या क्षणी बिट पत्र्यात अडकतो, आणि पत्रा नुसता हाताने धरलेला असेल तर तो पात्यासारखा गरकन फिरतो. स्टँडवरच्या ड्रिलवर काम करताना हातमोजे काढून ठेवावेत. ते फिरत्या बिटमध्ये गुंतले तर बोटेही आत ओढली जातात. अनेकांना हे पटत नाही, कारण हातमोजे म्हणजे सुरक्षा हे समीकरण डोक्यात पक्के बसलेले असते.

सर्वांत जास्त धाक मला अँगल ग्राइंडरचा वाटतो. १०० मिलिमीटरची डिस्क मिनिटाला ११,००० फेऱ्यांनी फिरते तेव्हा तिच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो, त्यामुळे तुटलेला तुकडा चुकवायला वेळच मिळत नाही. डिस्कवर छापलेली कमाल फेऱ्यांची संख्या यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा कमी असता कामा नये. डिस्कच्या मधल्या धातूच्या कड्यावर वापराची मुदत छापलेली असेल, तर तीही पाहावी. कापायच्या पातळ डिस्कच्या सपाट बाजूने कधीही घासू नये, कारण आडवा दाब सोसण्यासाठी ती बनवलेलीच नसते. गार्ड काढू नये, डिस्क बदलताना प्लग काढावा, आणि नवी डिस्क बसवल्यावर तिच्या रेषेतून बाजूला उभे राहून यंत्र अर्धा मिनिट रिकामे चालवावे. डोळ्यांवर गॉगल आणि त्यावर चेहऱ्याची ढाल, हे दोन्ही हवे. ढालीखालून ठिणगी आत शिरू शकते.

विजेच्या बाबतीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असावा आणि एक्स्टेन्शनची केबल पूर्ण उलगडून वापरावी, कारण गुंडाळलेली केबल तापते. गॅरेजमध्ये गाडीही राहत असेल तर दार बंद ठेवून इंजिन अजिबात चालू करू नये.

राहिला आगीचा प्रश्न. ग्राइंडिंगच्या आधी लाकडाचा भुसा झाडून काढावा, हे उघडच आहे. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांकडे मात्र दुर्लक्ष होते. ते तेल सुकताना हवेतला ऑक्सिजन घेते व उष्णता सोडते, आणि चिंध्यांचा बोळा केलेला असेल तर ठिणगीशिवायही तो पेटू शकतो. अशा चिंध्या बाहेर मोकळ्या पसरून वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकाव्यात. अग्निशामक सिलिंडर टेबलामागे न टांगता दाराजवळ टांगावा, म्हणजे तो घ्यायला आग ओलांडून जावे लागत नाही.