जांभ्याचा लाल रंग कापडावर टिकवताना: माझा अनुभव

खानापूरकडच्या जांभ्या दगडाची लाल भुकटी सुती कापडावर छापायची असेल तर तुरटीवर पैसे घालवू नका. मीठही नको. बेळगावात ज्याला विचारलं त्याने हेच दोन उपाय सांगितले. एका दुकानदाराने तर पुडी बांधता बांधता सांगितलं, "मीठ टाका की वैनी, रंग पक्का बसतोय." बसला नाही. दर धुण्याला बादली लाल आणि कापड फिकट. त्या सल्ल्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

काळा रंग मात्र लगेच जमला. गंजके खिळे गुळाच्या पाण्यात आंबवले, चिंचोक्याच्या पिठाने ते पाणी दाट केलं आणि हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या मांजरपाटावर, म्हणजे कोऱ्या सुती कापडावर, ठसा मारला. तिथल्या तिथे काळाभोर. ठसा म्हणजे जांभ्याचा तासलेला चिराच. भोकं फिकट पिवळसर राहतात आणि दगडाची जाळी हुबेहूब उतरते.

लाल रंगाचं गणित वेगळं. काळा पाषाण लाखो वर्षं पावसात झिजतो, त्यातली सिलिका वाहून जाते आणि लोहाची, अॅल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहतात. तोच जांभा. ही ऑक्साइडं पाण्यात विरघळत नाहीत. मंजिष्ठेच्या मुळीचा लाल रंग पाण्यात उतरून धाग्यात शिरतो, म्हणून तुरटी त्याला धरू शकते. जांभ्याचे कण धाग्यावर नुसते बसतात. त्यांना चिकटवणारं काहीतरी लागतं, आणि ते म्हणजे सोयाबीनचं दूध. आपल्या जिल्ह्यात सोयाबीन शेताशेतात पिकतं, तरी हे मला कुणी सांगितलं नाही!

रात्री भिजवलेलं सोयाबीन वाटून, गाळून घ्या. त्या पातळ दुधात कापड बुडवून वाळवा, मग त्याच दुधात भुकटी कालवून छापा. दूध रोज ताजं हवं, उन्हाळ्यात ते दुपारपर्यंत आंबतं. भुकटी आधी पाण्यात ढवळायची, जाड कण तळाशी बसले की वरचं लाल पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं आणि त्या भांड्यात खाली बसलेला बारीक गाळ वाळवायचा. हे टाळलं तर ठसा खरखरीत येतो.

खरी परीक्षा त्यानंतर. छापलेलं कापड निदान दोन आठवडे पाण्याला लावायचं नाही. दुधातलं प्रथिन सावकाश घट्ट होतं, घाई केली की सगळं निघून जातं. खानापूरच्या पावसाळ्यात तर कापड वाळतच नाही, म्हणून हे काम दिवाळीनंतरच काढा. माझं पहिलं टिकलेलं कापड थंड पाण्यातून काढलं आणि पाणी स्वच्छ दिसलं, तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून ती बादली दाखवली.

आणि हो, सगळ्यात आधी मांजरपाट धुण्याच्या सोड्यात चांगलं उकळून घ्या, खळ राहिली तर काळाही नीट धरत नाही. भुकटीसाठी दगड फोडायची गरज नाही. चिरेखाणीवर विचारून पोतंभर आणता येते.