जांभ्याच्या भिंतीला सिमेंट मारण्याआधी हे वाचा

आर्किटेक्चर करणाऱ्या आपल्या कोकणातल्या पोरांसाठी लिहितोय. बी.आर्क. झाल्यावर कॉन्झर्व्हेशनमध्ये, म्हणजे जुन्या वास्तूंच्या जतनात, मास्टर्स करता येतं, दिल्लीच्या एसपीएमध्ये (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) आहे, अहमदाबादला सेप्ट विद्यापीठात आहे, आणि खरंच सांगतो, आपल्याकडे अशा माणसांची खूप गरज आहे. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले, त्यात विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग आपलेच की!

पण मला जास्त काळजी वाटते ती जुन्या घरांची नि देवळांची. चिरा, म्हणजे जांभ्याचा घडवलेला लाल दगड, सच्छिद्र असतो, पावसात पाणी पितो, आणि चुन्याच्या सांध्यांतून ते हळूहळू बाहेर पडतं. वरून सिमेंटचा गिलावा मारला की ओल आतच अडकते, खाऱ्या हवेतलं मीठ चिऱ्यात साचून त्याचे स्फटिक होतात आणि मग चिरा भुसभुशीत होतो, नखाने खरवडलं तरी लाल पूड हातात येते. लोक म्हणतात चिराच हलका होता. नाही हो, चिरा चांगलाच होता!

कोर्समध्ये आधी मोजमाप, ड्रॉइंग, ओल कुठून येते ते शोधणं आणि मग दुरुस्ती असं शिकवतात. जोडीला गावातल्या जुन्या गवंड्याकडून चुना मळायलाही शिका, ते पुस्तकातून येत नाही. आणि गावात देवळाच्या जीर्णोद्धाराची मीटिंग असेल तर कंत्राट द्यायच्या आधी जाऊन बोला.