माझा अनुभव: लुळा पाय, दोन डब्या आणि चौदा दिवस

एएफपी म्हणजे अक्यूट फ्लॅसिड पॅरालिसिस, अचानक आलेला लुळेपणा; पोलिओ कुठं लपून राहू नये म्हणून अशा प्रत्येक मुलाचा तपास होतो. त्या तपासात मी सगळ्यात आधी पक्की करतो ती तारीख. ताप आला ती नव्हे, दवाखान्यात दाखल केलं तीही नव्हे. पाय पहिल्यांदा लटका पडला ती. १५ वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला की ते मूल आमच्या नोंदीत यायलाच हवं, आणि खबर मिळाल्यापासून ४८ तासांत तपास व्हायला हवा. शौचाचे दोन नमुने लुळेपणाच्या तारखेपासून १४ दिवसांच्या आत घ्यायचे, दोन्हींत किमान २४ तासांचं अंतर ठेवून. पोलिओचा विषाणू शौचातून सर्वांत जास्त पडतो तो या पहिल्या दोन आठवड्यांत. तोही रोज सापडेलच असं नाही, म्हणून नमुने दोन.

खेड्यात "लकवा कधी झाला?" असं विचारलं की गोंधळ होतो. लकवा म्हणजे म्हाताऱ्या माणसाचं अर्धं अंग जाणं, असंच लोकांच्या डोक्यात असतं. मी आईला विचारतो, "ताई, पोरगं पाय ओढत कधीपासून चालायला लागलं? उभं राहताना कधी पडलं?" मग ती तारीख आठवडी बाजाराशी, अमावस्येशी, जवळच्या सणाशी लावून बघतो. आजीला वेगळं विचारतो. दोघींची उत्तरं जुळली तरच फॉर्मवर लिहितो.

सगळ्यात मोठी गळती मात्र इथं नाही, ती खबर देण्यातच आहे. डॉक्टर म्हणतात, "हा जीबीएस (गिलियन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) आहे, पोलिओ नाही. मग कळवायचं कशाला?" एएफपी हे निदान नाही, ते लक्षण आहे. जीबीएस, ट्रान्सव्हर्स मायलायटिस (मज्जारज्जूची सूज), कुल्ल्यावर दिलेल्या इंजेक्शनने नस दुखावून पडलेला पाय, हे सगळं कळवायचं असतं. पोलिओ नाही हे ठरवण्याचं काम प्रयोगशाळेचं आहे. १५ वर्षांखालच्या दर एक लाख मुलांमागे वर्षाला पोलिओ नसलेले किमान २ एएफपी रुग्ण सापडायला हवेत, असं आपल्याकडचं प्रमाण आहे. जिल्ह्यात ते सापडत नसतील तर मुलं ठणठणीत आहेत असा अर्थ होत नाही, आपण शोधत नाही असा होतो. २०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हाही त्यातलं १५ वर्षांखालचं प्रत्येक मूल या व्याख्येत बसत होतं. म्हणून मी नोंदवहीत 'पोलिओ' शोधत बसत नाही. बालरोग, मेंदूविकार आणि फिजिओथेरपी या तिन्ही ठिकाणच्या वह्या उघडतो आणि 'अशक्तपणा', 'चालता येत नाही', 'फूट ड्रॉप' (पाऊल लटकणं) अशा नोंदींवर बोट ठेवत जातो. फिजिओथेरपीच्या वहीत हमखास एखादं मूल सापडतं, जे वॉर्डातून कुणी कळवलेलंच नसतं.

तपासणीला फार काही लागत नाही. मुलाला आईच्या मांडीवर बसवून दोन्ही पाय मोकळे सोडायला सांगतो. लुळा पाय हातात घेतला की जड, सैल लागतो, हलवला की चिंधीसारखा हलतो. मग गुडघा आणि घोट्याचे रिफ्लेक्स, म्हणजे हातोडीने हलकं ठोकल्यावर येणारा झटका. इंजेक्शनने नस दुखावली असेल तर बहुधा घोट्याचा रिफ्लेक्स जातो, गुडघ्याचा राहतो. पोलिओत सुरुवातीला ताप असतो, लुळेपणा दोन्ही बाजूंना सारखा नसतो आणि संवेदना शाबूत असते. जीबीएसमध्ये तो बहुधा दोन्ही पायांतून वर चढतो. हे सगळं लिहून ठेवायचं, पण त्यावरून नमुना टाळायचा नाही.

आता नमुना. प्रत्येक वेळी ८ ग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसाच्या अंगठ्याएवढा. डबी रुंद तोंडाची, आट्यांच्या झाकणाची, कोरडी. आत कोणतंही रसायन नको. एनिमा द्यायचा नाही. डायपरमधला नमुना मला चालत नाही, पातळ भाग त्यातच शोषला जातो. आईला स्वच्छ प्लॅस्टिकचा कागद देऊन ठेवतो, चमचा डबीसोबत असतोच. लेबल झाकणावर लावायचं नाही, डबीच्या अंगावर लावायचं. झाकणं बदलतात आणि मग पहिला कुठला, दुसरा कुठला ते कळत नाही. झाकणाभोवती चिकटपट्टी, डबीभोवती कापूस, मग झिपची पिशवी. फॉर्म वेगळ्या पिशवीत.

कॅरिअरमध्ये, म्हणजे नमुने थंड ठेवून न्यायच्या पेटीत, चार पूर्ण गोठलेले आइसपॅक ठेवतो. लसीसाठी पॅक थोडे पाझरू देतात, तसं इथं करायचं नाही. ज्या कॅरिअरमध्ये एकदा शौचाचा नमुना गेला त्यात पुन्हा लस ठेवायची नाही. त्याच्यावर ठळक अक्षरांत लिहून तो वेगळ्या खोलीतच ठेवावा. नमुना २ ते ८ अंशांत राहून ७२ तासांत प्रयोगशाळेत पोचायला हवा. शुक्रवारी संध्याकाळी दुसरा नमुना हाती आला की मी लगेच फोन करून विचारतो, शनिवार-रविवारी घेणारं माणूस आहे का. नसेल तर नमुना आयएलआरच्या (लसी ठेवायच्या फ्रीजच्या) शेजारच्या, फक्त नमुन्यांसाठी ठेवलेल्या फ्रीजमध्ये जातो. वितळलेला बर्फ, गळकी डबी, वाळलेला नमुना यातलं एक जरी झालं तरी प्रयोगशाळा नमुना 'अपुरा' ठरवते. आणि ते मूल दुसऱ्यांदा ती तारीख जगत नाही.

ऊसतोडीच्या हंगामात हे सगळं दुप्पट अवघड होतं. बीडकडची टोळी कोल्हापूर-सांगलीच्या फडात, राहायला कोपी, पत्ता विचारला तर कारखान्याचं नाव. पहिला नमुना एका फडावर मिळतो आणि दुसऱ्या दिवशी टोळी पुढच्या गावात. म्हणून पहिल्याच भेटीत मी चार गोष्टी लिहितो: मूळ गाव-तालुका, मुकादमाचा मोबाइल, टोळीचा पुढचा फड, आणि गावाकडच्या आशाताईंचं नाव. मुलाच्या वडिलांचा फोन बंद लागतो, मुकादमाचा लागतो. लुळेपणा येण्याआधीच्या महिन्याभरात कुटुंब कुठं कुठं होतं तेही त्याच्याचकडून नीट कळतं.

नमुने अपुरे ठरले तर ६० दिवसांनी मूल पुन्हा तपासावं लागतं: पायात काही कमजोरी राहिली आहे का. कमजोरी असेल, किंवा मूल सापडलंच नाही, तर प्रकरण तज्ज्ञ समितीकडे जातं आणि 'कॉम्पॅटिबल' म्हणून नोंदवलं जाऊ शकतं. म्हणजे पोलिओ होता की नव्हता, हे कुणालाच सांगता येत नाही. हंगाम संपला की कोपीच्या जागी पाचटाचा ढीग उरतो. मी ६०वा दिवस पहिल्याच भेटीत मोजून फॉर्मच्या कोपऱ्यात लिहितो, त्याच्या दहा दिवस आधी मुकादमाला फोन करतो आणि मूळ गावच्या आरोग्य केंद्राला कळवून ठेवतो.