हात गुंतलेल्या माणसाचा टीव्ही

मे महिन्याच्या अखेरीस आमच्या घरच्या डिशचे रिचार्ज संपले आणि ते पुन्हा करायचे नाही, असे आम्ही ठरवले. 2008 साली बसवलेली डिश होती. सतरा वर्षांत घराला दोनदा रंग दिला, टीव्ही एकदा बदलला, पण गच्चीवरची ती ताटली होती तिथेच राहिली. आता इंटरनेटवरून सगळे दिसते, मुलगी फोनवर पाहते, पत्नी टॅबवर पाहते, मग दर महिन्याला वेगळे पैसे कशाला भरायचे, एवढाच विचार तेव्हा मनात होता. घरात टीव्ही खऱ्या अर्थाने पाहणारी व्यक्ती एकच आहे आणि ती म्हणजे माझी आई, याचा विचार मी नंतर केला. तो आधी करायला हवा होता, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात, कन्ना चौकाच्या अलीकडे राहतो. घरात तेलुगू, शाळेत आणि कामावर मराठी, बाजारात दोन्ही आणि थोडे कानडी, अशी आमच्या भागातल्या बहुतेक पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजाच्या, घरांची भाषा असते. वडील यंत्रमागावर होते, मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. अम्मा वयाच्या बाराव्या वर्षापासून विड्या वळते. आज अडुसष्टाव्या वर्षी कोणी वळायला सांगत नाही, तरी दिवसाला पाच-सहाशे विड्या झाल्याशिवाय तिला दिवस गेल्यासारखा वाटत नाही. भिंतीला टेकून ती बसते, मांडीवर सूप असते, सुपात एका बाजूला कापलेली पाने आणि दुसऱ्या बाजूला तंबाखू. पान बोटांवर घ्यायचे, तंबाखूची चिमूट पसरायची, वळायचे, दोरा गुंडाळायचा, तोंड मुडपायचे. हे सगळे ती सुपाकडे न पाहता करते, कारण डोळे समोरच्या टीव्हीवर असतात. डिशचा रिमोट तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रबराने बांधून ठेवला होता. पिशवीच्या घड्यांमध्ये तंबाखूची बारीक पूड साचलेली असे आणि आतल्या बटणांवरचे आकडे पुसून गेले होते, पण तिला आकड्यांची गरज नव्हती. सकाळी बसण्याआधी एकदा चॅनेल लावायचे, दुपारी जेवायला उठताना एकदा बदलायचे, संध्याकाळी हात धुतल्यावर एकदा. दिवसातून तीन वेळा रिमोटला हात लावला की तिचे भागत असे.

डिश घेण्यापूर्वी आमच्याकडे केबल होती. केबलचे चित्र मुंग्या आल्यासारखे दिसायचे, गल्लीत कोणी वायर ओढली की निम्मी आळी अंधारात जायची, त्यामुळे डिश आली तेव्हा चित्राची स्वच्छता पाहून वडील हरखून गेले होते. डिशची अडचण एकच होती, ती म्हणजे पाऊस. विषुववृत्ताच्या वर सुमारे 36,000 किलोमीटरवर असलेल्या उपग्रहाकडून येणाऱ्या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते आणि जोराच्या पावसाचे थेंब त्या शोषतात आणि विखुरतात, म्हणून नेमक्या मुसळधार पावसात चित्र चौकोनाचौकोनांत फुटते आणि मग पडद्यावर सिग्नल नसल्याची पाटी येते. सोलापूर पर्जन्यछायेतले शहर असल्यामुळे ही वेळ वर्षातून फार वेळा येत नाही. पण आमच्याकडचा खरा पाऊस सप्टेंबरातला, विजांसह येणारा, बहुधा संध्याकाळचा. म्हणजे नेमका मालिकांच्या वेळेचा. याशिवाय मे महिन्यातल्या वळवाच्या वाऱ्याने डिश जराशी जरी हलली तरी माणूस बोलवावा लागे, आणि तो आला की भेटीचे पैसे वेगळे.

तरी पावसापेक्षा आम्हाला जास्त खटकली ती चॅनेलच्या गठ्ठ्यांची, म्हणजे पॅकची, रचना. 1 फेब्रुवारी 2019 पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजे ट्रायची, नवी दरपद्धत लागू झाली. पहिल्या शंभर चॅनेलसाठी 130 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 153 रुपये 40 पैसे, आणि त्याच्या वर प्रत्येक सशुल्क चॅनेलची वेगळी किंमत. पुढच्या वर्षी त्याच 130 रुपयांत दोनशे चॅनेल झाले. जे पाहता त्याचेच पैसे भरा, हे तत्त्व मला पटले होते आणि आजही पटते. परंतु गठ्ठे राज्य पाहून बांधलेले असतात. महाराष्ट्रातल्या ग्राहकाला मराठी गठ्ठा, तेलंगण आणि आंध्रातल्या ग्राहकाला तेलुगू गठ्ठा. आमच्यासारख्या घराला दोन्ही लागतात, हे त्या आखणीत कुठेच बसत नव्हते. मराठी गठ्ठा घेऊन त्यावर तेलुगू चॅनेल एकेक करून जोडावे लागत. सोलापुरात अशी हजारो घरे आहेत, अक्कलकोटकडे कानडीच्या बाबतीत हेच आहे, आणि तरीही या सीमेवरच्या भागासाठी दोन भाषांचा साधा एक गठ्ठा आमच्या पाहण्यात कधी आला नाही. दोन भाषा बोलणे ही आमच्या दृष्टीने चैन नाही, ते आमचे रोजचे जगणे आहे.

हिशेब लिहिणारा माणूस असल्यामुळे मी बारा महिन्यांचे आकडे मांडले. डिशला महिन्याला सरासरी 390 रुपये, म्हणजे वर्षाला 4,680. घरातले फायबर इंटरनेट 2020 च्या टाळेबंदीत मुलीच्या शाळेसाठी घेतलेले, करासह महिन्याला 590, आणि ते डिश असो वा नसो भरावेच लागणार होते. तीन ॲपची वर्षाची वर्गणी मिळून डिशच्या वार्षिक खर्चाच्या निम्म्याच्या आसपास बसली. म्हणजे आमची बचत झाली. पण ती इंटरनेट आधीपासून होते म्हणून झाली. एखाद्याने केवळ टीव्हीसाठी नवे कनेक्शन घेतले, तर आमच्याच दराने त्याला इंटरनेटचे वर्षाला 7,080 रुपये पडतील आणि वर ॲपचे पैसे, हे त्याने आधी कागदावर मांडावे. मोबाइलच्या डेटावर टीव्ही चालवण्याचा विचार तर कोणी करू नये. चांगल्या प्रतीच्या चित्राला तासाला 3 जीबीपर्यंत डेटा लागतो. अम्माचा टीव्ही दिवसाला आठ तास चालतो, म्हणजे दिवसाला 24 आणि महिन्याला 720 जीबी. रोज 2 जीबी देणारे मोबाइलचे रिचार्ज यात पाऊण तासाच्या आत संपते. ज्या घरी इंटरनेट नाही आणि मासिक खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी दूरदर्शनची फ्री डिश आजही सर्वांत सरळ मार्ग आहे. तिला महिन्याचे शुल्क नाही.

आमचा टीव्ही जुना असल्यामुळे त्याच्या मागच्या एचडीएमआय खाचेत बसणारी, इंटरनेटवरची ॲप टीव्हीवर दाखवणारी स्टिक आणली, ॲप उतरवून घेतले, अम्माच्या आवडीच्या मालिका शोधून दिल्या. आता वेळेची वाट पाहायची गरज नाही, जाहिराती कमी, चुकलेला भाग केव्हाही पाहता येतो, असे मी तिला मोठ्या उत्साहाने समजावले. तिने मान डोलावली.

चौथ्या दिवशी दुपारी मी जेवायला घरी आलो. टीव्ही चालू होता, पण पडद्यावर चित्र थांबलेले होते आणि पाहणे पुढे सुरू ठेवायचे का, असा प्रश्न लिहिलेला होता. अम्मा त्या स्थिर चित्रासमोर बसून विड्या वळत होती. किती वेळ झाला असे विचारले, तर म्हणाली, अर्धा-पाऊण तास झाला असेल. हात तंबाखूचे, नवा रिमोट काळा, गुळगुळीत आणि सुनेने जपून वापरायला सांगितलेला, मांडीवरचे सूप खाली ठेवून उठायचे म्हणजे गुडघे दुखतात, आणि एका बटणासाठी नातीला हाक कशी मारायची, तिचा अभ्यास चालू आहे. मग ती तेलुगूत जे म्हणाली त्याचा अर्थ असा, की हा टीव्ही सारखं विचारत राहतो, आधीचा कधी विचारत नव्हता.

त्या वाक्याने मला माझी चूक कळली. आपण बसून, फोन हातात घेऊन, निवडून पाहणारी माणसे आहोत, आणि टीव्ही पाहणे म्हणजे हेच असते असे आपण गृहीत धरतो. पण विडी वळणाऱ्या, शिवणयंत्रावर बसलेल्या, भाकऱ्या थापणाऱ्या, दुकानात गिऱ्हाईक सांभाळणाऱ्या माणसांचे हात गुंतलेले असतात. त्यांना न विचारता पुढे जाणारा कार्यक्रम हवा असतो, आणि प्रक्षेपणाची सगळी घडी नेमकी अशा माणसांसाठी बसलेली होती. दुसरी गोष्ट मला तिच्याशी आणखी बोलल्यावर समजली. डिशच्या दिवसांत मालिकांच्या वेळा हेच तिचे घड्याळ होते. दुपारची पहिली मालिका संपेपर्यंत दोनशे विड्या, तिसरी संपेपर्यंत साडेतीनशे, बातम्या लागल्या की सूप बाजूला. केव्हाही काहीही लागू लागले, तेव्हा तिचे ते मोजमाप हरवले. त्या चार दिवसांत तिच्या विड्या कमी भरल्या होत्या आणि त्याचे कारण तिने कोणाला सांगितले नव्हते.

मी सगळी मांडणी बदलली. ॲपमध्ये नुसत्या साठवलेल्या मालिका नसतात, अनेक ठिकाणी चॅनेलचे थेट प्रक्षेपणही असते, आणि आम्हाला तेच हवे होते. सन नेक्स्टवर जेमिनी दिसते, ईटीव्ही विनवर ईटीव्ही दिसते, मराठी बातम्यांची बहुतेक चॅनेल यूट्यूबवर विनामूल्य थेट चालू असतात, दूरदर्शनसाठी प्रसार भारतीचे वेव्हज आहे. पहिल्या पडद्यावरचे बाकीचे सगळे मी काढून टाकले आणि तिला लागणाऱ्या चारच चौकटी तिच्या दिवसाच्या क्रमाने लावल्या. सकाळची पहिली, दुपारची दुसरी, याप्रमाणे. रिमोटवरच्या उजव्या बाणावर लाल कापडी चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावला, म्हणजे बोटाला तो न पाहता कळतो. आणि रिमोट पुन्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रबराने बांधला. नव्या व्यवस्थेतली तिला सर्वांत आवडलेली गोष्ट कोणती, तर ही पिशवी. आठवड्याभरात विड्यांचा आकडा पूर्ववत झाला.

उणिवा आहेत. वीज गेली तर डिशही बंद पडत होती, पण वीज आली की ती लगेच सुरू होई, इथे राउटर सावरेपर्यंत काही मिनिटे जातात. जूनमध्ये रस्ता खणताना वायर तुटली तेव्हा दीड दिवस काहीच नव्हते. वायर जोडायला आला तो आमचा जुना केबलवाला, सतरा वर्षांपूर्वी ज्याची केबल आम्ही सोडली तोच. आता तो फायबर ओढतो. त्याने जुन्या गोष्टीचा एका शब्दानेही उल्लेख केला नाही आणि अम्माला नमस्कार करून गेला.

सेवा बंद करण्याच्या अनुभवाबद्दल मात्र मनात खंत आहे. रिचार्ज केले नाही की डिश आपोआप बंद पडते, वेगळे काही करावे लागत नाही, असे सर्वांनी सांगितले होते. परंतु त्यानंतर तीन आठवडे फोन येत राहिले, कधी सवलत, कधी आठवडाभर फुकट. खाते कायमचे बंद करा, असे चार वेळा सांगूनही प्रत्येक नवा माणूस पहिल्यापासून विचारू लागे. खात्यातले 118 रुपये शिल्लक होते, ते परत मिळणार नाहीत असे सांगण्यात आले. रक्कम मोठी नाही. सतरा वर्षांत एकदाही पैसे थकवले नाहीत अशा घराला जाताना नीट निरोप द्यावा, एवढीच माझी अपेक्षा होती. शेवटी ईमेलने लेखी कळवले, तेव्हा अकराव्या दिवशी खाते बंद झाल्याचे उत्तर आले. जे हे करणार असतील त्यांनी पहिल्या दिवसापासून लेखीच कळवावे, तक्रार क्रमांक जपून ठेवावा, बँकेत किंवा यूपीआयमध्ये आपोआप रिचार्जची परवानगी दिलेली असेल तर ती आधी रद्द करावी, आणि तरीही दाद लागली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

ताटली मी जुलैच्या एका रविवारी उतरवली. नटबोल्ट गंजून एकजीव झाले होते, रॉकेलचे थेंब सोडून दोन तास थांबावे लागले. पुढच्या दांड्यावरच्या एलएनबीची, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या भागाची, टोपी उन्हाने पांढरी पडून तडकली होती. ताटलीच्या मागे, भिंतीच्या बाजूला, वडिलांनी खडूने तारीख लिहून ठेवली होती. सतरा वर्षे पाऊस त्या बाजूला पोचला नव्हता, म्हणून ती दिसत होती. भंगारवाल्याला बाकीचे दिले, ताटली ठेवली आहे.

यंदाच्या नारळी पौर्णिमेला माग बंद, अम्माचे सूपही बंद. मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव पाहायला ती गुडघ्यांमुळे गेली काही वर्षे रस्त्यापर्यंत जाऊ शकलेली नाही, आणि डिशवर सोलापूरचा रथ कधीच दिसत नसे. या वर्षी मुलीने यूट्यूबवर थेट प्रक्षेपण शोधून टीव्हीवर लावले. अम्मा नवी साडी नेसून, स्वच्छ हात मांडीवर ठेवून समोर बसली. पडद्यावर रथ अजून मागच्या चौकात होता, तेवढ्यात खऱ्या ढोलांचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला, कारण इंटरनेटवरचे थेट चित्र नेहमी थोडे मागे असते. तिने एकदा खिडकीकडे पाहिले, हात जोडले आणि पुन्हा पडद्याकडे वळली. अर्ध्या मिनिटाने तोच रथ आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर पडद्यावरही आला, तेव्हा तिने दुसऱ्यांदा हात जोडले.