क्युझो आणि कांबेईची झुंज राहिलीच

दादाने सामुराई ७ ह्या जपानी ॲनिमे सिरीजची सातवी, शेवटची डिस्क माझ्याशिवाय बघून टाकली. म्हणजे डिस्क इथेच आहे, माझ्या कपाटात, त्याने तिकडे ऑनलाइनच बघितली. एवढंच झालंय खरं तर, पण कालपासून डोक्यातून जात नाहीये. आईचं बोलून झाल्यावर फोन माझ्याकडे आला, मी नेहमीसारखं विचारलं की दिवाळीत येतोयस ना, शेवटची डिस्क राहिलीये आपली, तर म्हणाला अगं ती मी मागेच बघितली, एका रात्री झोप येत नव्हती म्हणून लावली. आणि वर, क्युझो असा मरायला नको होता यार. बघितली ती बघितली, सांगूनही मोकळा.

मी काही बोलले नाही. वहिनी कशी आहे वगैरे विचारलं आणि ठेवला फोन. जेवणं झाल्यावर मी पण लावली, आता कोणासाठी थांबायचं होतं.

आणि तो खरंच तसाच मरतो.

रात्री उशिरापर्यंत जागी होते आणि मला हेच कळेना की मला राग नक्की कशाचा आलाय, दादाचा का त्या सिरीजवाल्यांचा. सामुराई ७ आम्ही पहिल्यापासून एकत्र बघितली. तो सुट्टीला यायचा तेव्हा एक डिस्क, कधी दोन, जपानी आवाज आणि खाली इंग्रजी सबटायटल, आई मध्येच येऊन विचारणार ह्यातला चांगला कोण आणि वाईट कोण. सहावी संपली तेव्हा मी म्हटलं होतं लाव लगेच पुढची, हाच म्हणाला नको, शेवटची पुढच्या वेळेला, नीट बसून बघू. हाच म्हणाला. मग त्याच्या बाजूला जे सगळं झालं ते झालं आणि ती पुढची वेळ काही आली नाही. त्याबद्दल मी कधी तोंडातून अक्षर काढलं नाही, पुढेही काढणार नाही. पण डिस्क तशीच ठेवली होती मी. प्लास्टिकसुद्धा फोडलं नव्हतं तिचं.

जाऊदे. क्युझोबद्दल लिहिते.

कुरोसावाचा सेव्हन सामुराई हा सिनेमा १९५४चा. त्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, २००४ला, गोन्झो ह्या ॲनिमेशन स्टुडिओने ही सिरीज काढली, २६ भाग, एकेका भागावर ३ कोटी येनच्या आसपास खर्च केला म्हणतात, आणि काही काही ठिकाणी तो दिसतोही. सातही जण नावानिशी सिनेमातलेच, फक्त काळ पुढचा. मोठं युद्ध होऊन गेलंय, सामुराई बेकार झालेत, आणि त्यातल्याच काहींनी युद्धात आपलं शरीर यंत्रात बदलून घेतलं होतं, तेच आता नोबुसेरी, म्हणजे दरोडेखोर, होऊन गावोगावचा तांदूळ लुटतायत, आणि त्यांच्यापासून कान्ना गाव वाचवायला शेतकरी हे सात सामुराई आणतात. मला हे पहिल्यापासून फार आवडलं. सिनेमात दरोडेखोर बाहेरचे असतात, इथे समोरून चाल करून येणारा तो डोंगराएवढा लोखंडी राक्षस एकेकाळचा सामुराईच आहे, म्हणजे ह्या सातांचा पुढारी कांबेई ज्याला कापतोय तो कदाचित त्याच्याच बाजूने लढलेला असेल.

आणि क्युझो. सिनेमातला क्युझो कोणाचाच नसतो, आपल्या विद्येत बुडालेला शांत माणूस. इथे तो शत्रूकडून येतो. लाल लांब कोट, पाठीवर एकाच म्यानात दोन तलवारी, बोलणं जवळजवळ नाहीच. कांबेईशी त्याची पहिली गाठ पडते ती मारायलाच, आणि त्या झुंजीत दोघांना एकमेकांची किंमत कळते. पुढे परत समोरासमोर येतात तेव्हा त्याचाच जोडीदार ह्योगो मागून कांबेईवर बंदूक रोखतो, तर हा वळून ह्योगोला मारतो. स्वतःच्या माणसाला! दोन सामुराई लढत असताना मध्ये बंदूक आणली म्हणून. आणि मग कांबेईबरोबर कान्ना गावाकडे येतो, पण अट घालून, की हे काम संपलं की तुला मीच मारणार. तोपर्यंत तुला दुसऱ्या कोणाच्या हातून मरू देणार नाही, असंच ते वागणं. ह्याला मैत्री म्हणायची नाही तर कशाला म्हणायची मला सांगा.

सिनेमात हे काहीच नाहीये. हे सिरीजवाल्यांनी घातलंय. आणि घातलंय ते शेवटी असं मोडायला, हेच काल मला सहन होत नव्हतं. ऐन लढाईत कात्सुशिरो, सातांतला सगळ्यात लहान, एक बंदूक उचलतो, शत्रूवर झाडत सुटतो आणि त्यातल्या गोळ्या क्युझोला लागतात. कात्सुशिरोच्या हातून! ज्या पोराचा पहिला माणूस मारताना थरकाप झाला होता, जो ह्या लोकांकडे देवासारखं बघत आला, त्याच्या हातून.

मी तिथे थांबवलं आणि मागे जाऊन परत बघितलं. मला वाटलं काहीतरी सुटलं बघण्यातून, कोणीतरी दुसऱ्याने मारलं असेल. नाही.

म्हणजे ज्या माणसाने स्वतःच्या जोडीदाराला बंदूक रोखली म्हणून कापला, तो आपल्याच बाजूच्या बंदुकीने गेला. आणि कांबेईबरोबरची झुंज राहिली ती राहिलीच. सात डिस्क आपण त्या झुंजीची वाट बघतो, प्रत्येक वेळी दोघं एका चौकटीत आले की वाटतं आता होईल, निदान उपसतील तरी, आणि ती होतच नाही. दिलेला शब्द दोघांपैकी कोणीही मोडलेला नाही. कोणी विसरलं नाही, कोणी पळालं नाही, कोणाच्या मनात खोट नव्हती. फक्त मध्ये दुसरंच काहीतरी झालं आणि ते राहून गेलं. मग चिडायचं कोणावर? कात्सुशिरोवर चिडता येत नाही, तो तर आतून संपलाय. कांबेईवर नाही. दादावर... हो, तेच, रात्री दोन वाजता मी हेच करत होते, ह्यांच्यावर चिडता येत नाही म्हणून त्याच्यावर, आणि त्याच्यावर चिडता येत नाही म्हणून ह्यांच्यावर.

थोडं रडले पण. एकटीच बसून, आई आत झोपलेली, आवाज बारीक केलेला. सगळ्यांचं सगळं पुढे सरकतं आणि मीच कुठलं तरी प्लास्टिकही न फोडलेलं जपत बसलेली असते, असं फार वाटलं काल.

सातांतले बाकीचे मृत्यू मी झेलले. गोरोबेई आधीच गेला होता, तेव्हा दादा शेजारी होता. हेईहाची, तो तांदळावर जीव असलेला, तलवारीला पाऊस थांबावा म्हणून करतात ती बाहुली बांधून हिंडणारा, युद्धातल्या त्या फितुरीचं ओझं हसऱ्या तोंडामागे घेऊन फिरणारा, त्याचं जाणं मला खूप आधीपासून दिसत होतं. किकुचियोचं तर भव्य आहे. आकाशातलं ते सरकारचं अजस्र जहाज कोसळतंय, थेट गावावर आणि भातखाचरांवर येणार, आणि हा मोडका तोडका यंत्रमानव, जो मुळात शेतकऱ्याचा पोर, ते अंगावर घेऊन थांबवतो. गावातल्या छोट्या कोमाचीला लग्नाचं वचन दिलेलं असतं त्याने. म्हणजे ते पण राहिलंच. पण किकुचियोच्या वेळी मला राग आला नाही, कारण त्याने स्वतः ठरवलं, त्याला माहीत होतं आपण कशासाठी जातोय. क्युझोला ते सुद्धा मिळालं नाही.

सामुराई शोधायला निघालेल्या गावातल्या किराराबद्दल लिहिणार होते, पण तिच्याबद्दल लिहायला बसले तर वेगळंच काहीतरी निघेल. ज्याचं मन कधीचंच वाळून गेलंय त्या कांबेईत जीव अडकवणं, आणि तिच्यात अडकलेला तो पोरगा कात्सुशिरो. नको.

सकाळी चहा घेताना सिनेमा आठवला. आम्ही तो दोनदा बघितलाय, साडेतीन तासांचा. त्यात मरणारे चारही सामुराई बंदुकीनेच मरतात, तलवारीने एकही नाही. क्युझोला तिथे दरोडेखोरांचा म्होरक्या लपून गोळी घालतो आणि कात्सुशिरो चिखलात बसून ओक्साबोक्शी रडतो. कुरोसावाने तिथे सांगून ठेवलंच होतं, की ह्या लोकांचा काळ गोळी संपवणार, मग तलवारीत किती का हुशार असेनात. सिरीजने फक्त ती बंदूक रडणाऱ्या पोराच्याच हातात दिली. हे लक्षात आलं आणि पहिल्यांदा मला ते पटलं. आवडलं नाही, पण पटलं. म्होरक्याने मारलं असतं तर आपण म्होरक्याचा राग करून मोकळे झालो असतो. इथे राग करायला माणूसच ठेवला नाही, आणि पुढचं आयुष्य ते घेऊन जगायचंय त्या पोराला, त्या वयात. शेवटी उरतात तिघंच, तिन्ही तेच जे सिनेमात उरतात, कांबेई, शिचिरोजी आणि कात्सुशिरो. गावात भातलावणी चाललीये, माणसं चिखलात वाकून रोपं लावतायत, आणि हे तिघं आपापल्या वाटेला लागणार. सिनेमातला कांबेई तिथे म्हणतो की आपण पुन्हा हरलो, जिंकले ते शेतकरी. लहानपणी मला ते वाक्य म्हणजे वडीलधाऱ्या माणसाचं मोठेपण वाटायचं. आता वाटतं त्याने फक्त जे होतं ते सांगितलं. तो त्यावर रडत बसत नाही, आणि राहिलेल्या गोष्टींचा हिशोबही मांडत नाही. कांबेईच्या तर कितीतरी राहिल्यात, प्रत्येक लढाईतून तो असाच वाचून बाहेर पडलाय, मागे कोणाकोणाला ठेवून.

आणि दादाला झोप येत नव्हती म्हणून त्याने लावली. हे मी काल ऐकलं पण ऐकलंच नाही. रात्री झोप येत नव्हती आणि एवढं सगळं जग सोडून त्याने काय लावलं तर हे. कोणाची तरी सोबत हवी असणार त्याला त्या रात्री. मला फोन करायचा की रे, एवढंच वाटतं. पण ठीक आहे. खरंच ठीक आहे आता.

दुपारी मेसेज केला, बघितली मी पण. लगेच फोन आला, ऑफिसमधूनच. म्हणाला चिडलीस ना. मी म्हटलं ते सोड, मला एवढं सांग की झुंज झाली असती तर कोण जिंकलं असतं? तो म्हणतो डोळे झाकून क्युझो, दोन तलवारी, तो वेग, आणि कांबेईचं वय बघ. मी म्हणते कांबेई. वेगाने जिंकायचं असतं तर पहिल्याच गाठीला क्युझोने त्याला संपवला असता, तेव्हा नाही जमलं. शिवाय कांबेई आयुष्यभर हरत आलाय, हरणाऱ्या बाजूने लढून जिवंत राहण्याची सवय आहे त्याला, ती क्युझोला नाही. दादा म्हणाला ही काय सवय झाली, तलवार चालवायचीये तिथे. अर्धा तास ह्याच्यावर बोललो, त्याला कोणीतरी मीटिंगला हाका मारत होतं तरी. मग म्हणाला पुराव्यानिशी बोलायचं असेल तर पहिल्यापासून परत बघायला लागेल सगळं, दिवाळीला. मी म्हटलं सव्वीसच्या सव्वीस, आणि सातव्या डिस्कला तू माझ्या आधी तोंड उघडायचं नाहीस.